गंगूमावशीचा ग

१२ मे १९५७

आज जे केलं ते करायला नको होतं. लिहून ठेवतो, म्हणजे पोटात दुखणार नाही.

चाळीतल्या समितीने बायकांसाठी दुपारचा वर्ग काढलाय. सं. महाराष्ट्राच्या अर्जावर कोणी अंगठा उठवायचा नाही, सही करायची, म्हणून. मास्तर कोण, तर मी. अकरावी मॅट्रिकची परीक्षा देऊन रिकामा बसलेला दुसरा मिळाला नाही. वर्ग गंगूमावशीच्या खानावळीत, जेवणं उरकली की. पुस्तक नाही. भिंतीवरच्या घोषणेवरून शिकवतो: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. बायकांना पाठच आहे, नुसतं अक्षरावर बोट ठेवायचं. चंपाक्काचं नाव त्यातूनच निघालं. च, प, झालं.

मग गं.मा. म्हणाली, "आता माझां नाव काढ."

काढणार कुठून? अख्ख्या घोषणेत ग नाही.

"तुझ्या महाराष्ट्रात माझो ग नाय? ह्यो कसलो मास्तर, अकलेचो कांदो."

बायका खी खी हसल्या. माझं सटकलं. पाटीवर 'म्हस' लिहून दिलं, म्हटलं घे, हे गंगू. म्हस म्हणजे तिच्या मालवणीत म्हैस. बिचारी गिरवत बसली, जीभ बाहेर काढून.

१४ मे

मेलो. गं.मा.ने गिरणीत जाणाऱ्या सगळ्या डब्यांवर निळ्या रंगाने नाव घातलं. स्वतःच्या हाताने. शेजारचा बाळ्या गिरणीत आहे, तो सांगत होता, "म्हशीचा डबा आला म्हणून अख्खं खातं हसतंय."

"तिला सांगितलं कोणी?"

"येडा काय तू? रात्री जेवायचं कुठे मग?"

आधी हसू आलं. मग ती चंपाक्काला डबा दाखवताना दिसली, पदराने पुसून पुसून. मग नाही आलं.

१७ मे

बाबा ऑफिसातून आले ते पुण्याचं ठरवूनच. पास झालास की काकाकडे जायचं, तिथल्या कॉलेजात. "इथे तू शिकणार नाहीस. मोर्चे काढशील आणि एक दिवस गोळी खाशील." आईचंही तेच. पुणं काय वाईट? डब्यांपासून लांब.

२१ मे

आज वर्गात. गं.मा. मांडीवर डबा घेऊन बसलेली, बोट फिरवत. "ह्यो म, मुंबयतलो. ह्यो अर्धो कित्याक? ह्यो ह. ह्यो स." मी मोठमोठ्याने चंपाक्काला भलतंच काहीतरी विचारायला लागलो. काही उपयोग नाही.

"म्... ह... स." परत एकदा. "म्हस."

खरं सांगतो, टरकली होती, तरी छाती फुगली. बाईने जन्मात पहिला शब्द आपला आपण वाचला, आणि वाचायला मी शिकवलेलं. शब्द कोणता हा भाग निराळा.

पाठीत एक बसली. हात कसला, वरवंटा. मग म्हणाली, "म्हस दूध तरी देता रे मेल्या. तू काय देतलंस?"

मी तिची पाटी ओढून घेतली.

ग शिकवला. पाटीभर काढला तिने. मग म्हणते, "एकट्या ग नको. सगळी अक्षरां व्हयी." चंपाक्का म्हणाली, "हां. मला गावाचं पत्र वाचायचंय. दर वेळी दुसऱ्याकडून ऐकायचं म्हणजे घरातलं सगळं चाळीला कळतं."

संध्याकाळभर डबे घासले. रॉकेलने सुद्धा रंग नीट जात नाही.

४ जून

पास. काठावर, पण पास. बाबांनी काकाला तार केली. समितीत विचारलं, मी गेल्यावर वर्गाचं काय. म्हणाले, बघू. हे बघू मला माहीत आहे. आता बाराजणी येतात आणि अजून क-ख-ग मध्ये मारामारी आहे. सोडून गेलो तर गं.मा. बरोबरच ठरेल. कांदा.

११ जून

घरी न सांगता दादरला गेलो. तिथे सकाळचं कॉलेज आहे, नोकरी करणाऱ्यांसाठी. दहाला सुटतं. दुपार अख्खी आपली. प्रिन्सिपॉलांनी मार्क बघून चष्मा काढला.

"हेच कॉलेज का?"

इथे थाप मारता आली असती. आयत्या वेळी जमलीच नाही. "दुपारी माझा वर्ग असतो, सर."

"शिकायला जाता?"

"शिकवायला."

"काय शिकवता?"

"बाराखडी. ग झाला, सर. घ वर आलोय."

ते हसले नाहीत. म्हणाले, या मार्कांवर कोणाला घेत नाही, पण रविवारी ऑफिस उघडं ठेवतो, वडिलांना घेऊन या. 'तुम्ही' म्हणत होते मला. लालबागपर्यंत चालतच आलो.

१४ जून

बाबांना सांगितलं, सकाळी कॉलेज आणि दुपारी टायपिंग शिकीन. टायपिंग म्हटल्यावर कारकुनाचं काळीज विरघळलं. "बघतो येऊन," म्हणाले. पुण्याची बॅग मात्र आईने आणि ताईने भरलीच आहे.

१५ जून

उद्या जायचं. प्रिन्सिपॉल वर्गाचं बोलले तर टायपिंग गेलं आणि मी पुण्याला. नाही बोलले तर सुटलो. किंवा बाबांना ते आवडेल सुद्धा, कोणी सांगावं. माणूस पेपरात चळवळीचं वाचताना डोळे पुसतो कधी कधी.

ताई, तू ही वही वाचतेस. काल पानात तुझा केस मिळाला. तुझ्या पाया पडतो, कोणाला सांगू नकोस. बाबांना नको, आईला नको, बाळ्याला तर मुळीच नको. टवाळ म्हणून मार खायची सवय आहे मला. चांगला मुलगा म्हणून नाव झालं तर चाळीत तोंड कुठे दाखवू?