तुटक्या शेपटीचा मासा आणि आमचं सांडपाणी

तीर्थरूप दाजींच्या चरणी, माशाच्या टाकीतून नुकत्याच बाहेर काढलेल्या ओल्या हातांनी नमस्कार.

पत्र लिहिण्याआधी विचारतो, कंबर आता कशी आहे? ताई म्हणाली, दुकानातली काचेची टाकी भरलेली असताना एकट्यानं उचलायला गेलात. दाजी, मासे हलके असतात, पाणी हलकं नसतं, जपा. इकडे सर्व क्षेम. तुम्ही गेल्या महिन्यात चार दिवसांच्या बोलीवर दिलेला नारिंगी मासा (तोच, शेपटीचा तुकडा गेल्यामुळे ज्याला गिऱ्हाईक लागत नव्हतं तो) माझ्याकडे खुशाल आहे. तो अजून परत का आला नाही, एवढंच सांगायचं होतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या कारखान्यात कापड रंगतं आणि रंगाचं पाणी मी शुद्ध करून ओढ्यात सोडतो. (शुद्ध म्हणजे कितपत, ते तुमच्या परसामागून वाहणारा तोच ओढा सांगेल. आज हिरवा, उद्या जांभळा. ताई त्यावरून आमच्या ऑर्डरी ओळखायला लागली होती.) यंत्रणा नाही असं नाही. पण पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर मालकांनी बंद ठेवलेला. वीज कापडासाठी असते, घाणीसाठी नव्हे, असं त्यांचं मत. मग प्रदूषण खात्याच्या मॅडम तपासणीला येणार म्हटल्यावर आम्ही ओढ्यात जाणाऱ्या पाइपाशेजारी काचेची टाकी मांडली. त्यात मासा तुमचा आणि पाणी ऑफिसातल्या पिण्याच्या जारमधलं. बघा मॅडम, आमच्या सांडपाण्यात मासा कसा मजेत पोहतो!

जमलंही असतं. पण शेजारच्या साबण कारखान्याच्या मॅनेजरनं गळ घातली, कारण पुढची तपासणी त्याच्याकडे होती. मासा बघून मॅडम आमच्याकडे चहा घेत होत्या, तेवढ्यात मी मासा बादलीत घालून मागच्या भिंतीवरून त्याला दिला. शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही? आता या बाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत (मला दरवेळी प्लंबर समजतात), पण शेपटी राहिली. थोड्या वेळानं बघतो तर साबणवाल्याकडून ती बादली स्वतः हातात धरून आमच्या फाटकातून आत येताहेत. माझी पाचावर धारण बसली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण शांतपणे म्हणाल्या, उद्यापासून या टाकीत पाइपाचंच पाणी वाहील, पुढच्या आठवड्यात मी येईन तेव्हा हाच मासा जिवंत हवा, नाहीतर पाइपाला सील. दुसरा आणून ठेवायचा विचारही करू नका, ही शेपटी मला पाठ आहे. शिवाय पाण्याची बाटली भरून नेली ती वेगळीच.

सील म्हणजे कारखाना बंद, म्हणजे मी घरी, म्हणजे शेवटी तुमच्याच दुकानात टाक्या पुसायला. (घाबरलात ना?) त्याच दुपारी ब्लोअर चालू केला. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मालकांना वाटलं काहीतरी फुटलं. अनवाणीच धावत आले, तोंडाचा पट्टा सुटलेला, आणि मध्येच थांबले. मासा काचेला तोंड लावून त्यांच्याकडे टक लावून बघत होता. दाजी, या माणसाचं बोलणं घरी कोणी ऐकत नाही. बायको टीव्हीचा आवाज वाढवते, मुलं उठून जातात. इथे पहिल्यांदाच कोणीतरी हलेना. तेव्हापासून मालक रोज टाकीपाशी खुर्ची टाकून माशाला आपली सगळी गाऱ्हाणी सांगतात, आणि ब्लोअरला कोणी हात लावला तर हात मोडीन म्हणतात. मासा पहिले दोन दिवस कुशीवर पोहला, मी डोळ्यांत तेल घालून गाळ ढवळत बसलो, मग तो सरळ झाला. मॅडम आल्या, शेपटी तपासली, पुन्हा बाटली नेली, आणि यावेळी अहवाल स्वच्छ आला. दाजी, पाणी खरंच नितळ झालंय हो. कुठे काम करतोस असं कोणी विचारलं, तर आता मी विषय बदलत नाही.

ताईला नमस्कार, कंबरेला शेक. मासा लवकरच पोचता करतो.

तुमचा एकुलता एक (म्हणून सोसावा लागणारा) मेहुणा

ता. क. वर ‘खुशाल’ लिहिलं ते शिष्टाचार म्हणून. मासा आज सकाळी गेला. पाण्यानं नाही हो, पाण्यावर आळ घेऊ नका! मालक कालपर्यंत त्याला लाडानं चहात बुडवलेली बिस्किटं भरवत होते. मला वाईट वाटलं, डबा तसाच परत नेतोय. मालक भाचीच्या लग्नाला गेलेत, परवा येतील. त्यांना हे सांगायची माझी छाती नाही.

ता. क. २. पत्र आजच्याच बसच्या कंडक्टरकडे देतोय, तेव्हा तसाच नारिंगी मासा उद्याच्या पहिल्या बसनं पाठवा. शेपटीला मात्र कात्री लावू नका. पाणी इतकं सुधारलं की शेपटी भरून आली, असं सांगेन. मालक आनंदानं मानतील. मॅडमचं मॅडम आल्यावर बघू.

ता. क. ३. तसा मासा दुकानात नाही, अशी सबब सुचत असेल तर आधी ताईला विचारा, परसामागच्या ओढ्याचा तळ दिसायला लागलाय तो तिला आवडतो का. मालकांना टाकी रिकामी दिसली की ब्लोअर बंद. आणि पुढची ऑर्डर जांभळी आहे.