उलटीची सुई

बाबा, आपल्या घरी सध्या भाजी खारट होते आणि तक्रारीची सोय नाही, कारण माझं ऑपरेशन होईपर्यंत बीपी उतरवणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला मीठ नि पाणी भरपूर घ्यायचं, ही खुद्द डॉक्टरांची आज्ञा आहे. तुमचं बीपी वाढतं म्हणून आईनं तुम्हाला जन्मभर अळणी वाढलं आणि बहुधा त्याच दुखण्यासाठी मला मिठाचा खुराक. धर्मशास्त्रात याला काही तोड असेल तर कळवा. दुखणं तेच असावं, असं अमरावतीचे डॉक्टर तुमची हकीकत ऐकून म्हणाले. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक ग्रंथी असते, तिच्यात गाठ. ती लहर लागेल तेव्हा रक्तात असा रस सोडते की डोकं ठणकतं, छाती धडधडते, सदरा घामानं भिजतो. तुम्ही जुन्या शहरातल्या शाळेत आमच्याकडून संस्कृतची रूपं घोकून घेता घेता पांढरेफटक पडायचात आणि खडू भिरकावायचात. संस्कृतात रागाला तुम्ही आम्हाला कितीतरी शब्द शिकवलेत. तुमच्या दुखण्याला मात्र गावाकडे एकच होता. "मास्तरले राग लय."

अकोटच्या लग्नात तुम्हाला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर गोळ्या देऊन पाठवत होता, तर तुम्ही खुर्चीतून हलेनात. "सुई न देता सोडते तो डॉक्टर कायचा?" त्यानं दिली. साधी उलटीची सुई, पण अशी गाठ असलेल्याच्या अंगात ती भडका उडवू शकते. गाठ कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून त्याला मी बोल लावत नाही. संध्याकाळपर्यंत तुम्ही गेलात. तेरवीच्या पंगतीत लोक म्हणाले, रागानंच गेले. परवा आत्यानं तेच म्हटलं, तेव्हा मी ताटावरून उठलो नाही, पण तिला बोलूही दिलं नाही.

मागच्या आठवड्यात उलट्या मला झाल्या. दवाखान्यात कंपाउंडर सुई भरूनच आला.

"औषध कोणतं हाय?"

"उलटीचंच, काका. सगळ्याइले देतो."

"मग सगळ्याइले दे. मले नको."

"काहून? सुईले भेता का?"

"हो, लय."

तुमची सून कानाशी म्हणाली, "लोक पाहून राहिले." पाहू द्या. डॉक्टर येईपर्यंत मी बाही घट्ट धरून बसलो. त्यांनी ऐकून घेतलं, अमरावतीला फोन लावला आणि वेगळं औषध दिलं. तुमचा मान सुई मागण्यात होता, माझा नाही म्हणण्यात आहे.

ऑपरेशनचं मला फारसं काही वाटत नाही. पण ही गाठ घराण्यात उतरू शकते म्हणतात, आणि तुमची नात भांडता भांडता पांढरी पडते, वरच्या ओठावर घाम येतो. इतकी वर्षं मी कौतुकानं सांगत आलो, आजोबांचा राग घेतलाय पोरीनं. तपासून घे म्हटलं तर म्हणते, "पप्पा, मले काई झालं नाई." नाही म्हणणं माझ्याकडूनच घेतलंय. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून इथंच लिहितो, मला पोरीसाठी फार भीती वाटते, बाबा. तो नुसता तुमचा रागच असू दे.