आजीचा बत्ता

डिमोना, इस्राएल, ८ मे १९६३

ती. आईस पिन्हासचा शालोम.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझा खोकला कसा आहे? पावसाआधी कौलं शेकारून घे.

युरोपातून इथे आलेल्या झेलिग नावाच्या यहुद्याकडे तीस सालची मॉरिस गाडी आहे. तिच्या पाण्याच्या पंपाचा बुश, म्हणजे दांड्याभोवतीची पितळी कडी, झिजला होता. तेल अवीवपर्यंत शोधला, मिळेना. त्याचा मुलगा आपल्या पोरीला, योखेवेदला, मागणी घालणार, म्हणून मी आजीच्या खलबत्त्यातला पितळी बत्ता लेथवर चढवला आणि त्यातून नवा बुश काढला. रागावू नकोस. गाडी सुरू झाली तेव्हा झेलिगने मला मिठी मारली.

काल तोच म्हणतो, "लग्नाआधी तुमच्या आज्या-पणज्या यहुदी होत्या याचा पुरावा आणा."

माझं डोकंच फिरलं! आजीने जन्मात कधी शब्बाथच्या शनिवारी चूल पेटवली नाही, आणि हा पुरावा मागतो! आजीचं पितळ याच्या गाडीला चालतं, आजी चालत नाही!

तिथल्या तिथे पंप खोलला आणि बुश खिशात घालून घरी आलो. तू कुणाकडे दाखले मागायला जायचं नाहीस, सांगून ठेवतो.

योखेवेद माझ्याशी बोलत नाही. पण आज सकाळी तिने बुशाचं ग्रीस पदराने पुसलं आणि तो आजीच्या खलात ठेवला.

तब्येतीला जप.

तुझा,
पिन्हास