हौदातले मासे

रोहणा,
दि. १८ सप्टेंबर २०२४

चि. पुंडलिक यास कोकिळाताईचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तिकडे तू, गुलाब आणि स्वप्निल बरे असाल असं धरून चालते, कारण तू स्वतःहून कळवत नाहीस. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून तुला वाटतं की समोरचा प्रत्येक माणूस आठवीतला आहे. कागदाला मधे तोडता येत नाही, म्हणून लिहिते.

तुझं चार पानी पत्र मिळालं. वाचता वाचता डोकं उठलं. बगळ्याचा पाय काढलास, पायाला चिकटलेली माशाची अंडी काढलीस, वर बाण काढून नावंही लिहिलीस. आणि खाली, 'जीव असाच पसरतो ताई, त्याला कुणी पाठवावं लागत नाही.' चित्र मात्र छान आहे.

आता जूनपासूनचं नीट सांगते, म्हणजे कोण काय म्हणालं यावर पुन्हा वाद नको. गाई विकल्यापासून परसातला हौद कोरडा पडला होता. तू चार दिवस राहायला आलास. स्वस्थ बसवेना म्हणून हौद ब्रशने घासलास, उकळतं पाणी ओतलंस, मग नळाचं पाणी भरलंस. मला म्हणालास, "ताई, यात कोणी काही टाकायचं नाई. आपोआप काय येते ते पाह्यजो." मी म्हटलं, देवाच्या मनात असेल ते येईल. झालं. पाणी, ऊन, कोट्यवधी वर्षं, सगळं दोन तास ऐकवलंस. कोट्यवधी वर्षांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला कुकरच्या तीन शिट्ट्यांपर्यंत दम निघत नाही, हे मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

मी इतकंच म्हटलं, "जीव देणारा तोच हाय." तू म्हणालास, "अन् नेते कोण?" पिशवी उचललीस आणि हिंगणघाटची गाडी धरलीस. ताटात वांग्याची भाजी वाढलेली होती. त्यावर मी पुढे काही लिहिणार नाही.

तर हौद. आठ दिवसांत पाणी हिरवं झालं, मग अळ्या वळवळायला लागल्या. त्या डासांच्या, त्याबद्दल आपलं भांडण नाही. ऑगस्टमध्ये मी तीन दिवस आंजीला नणंदेकडे गेले. परत येऊन पाहते तर हौदात मासे. बोटाच्या पेराएवढे, पण मासे. मी तुला फोन केला, "मासे आले. आता बोल." खरं सांगते, त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. शेजारच्या किसनरावांनी नारळ फोडला. आमच्या भजनाच्या बायका मत्स्यावतार म्हणत हौदाला हळदकुंकू लावून गेल्या. आणि तू तो बगळा धाडलास.

गेल्या सोमवारी गावातली आशा कार्यकर्ती रक्षा आली. डेंग्यूच्या दिवसांत ती घरोघरचं पाणी बघत फिरते. हौदात डोकावून म्हणते, "मावशी, मासे जगले ना? तुमी गावाले गेल्या होत्या, तवा मीच टाकून गेलती. अळ्याच अळ्या झालत्या पाण्यात."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"इसरली मावशी. गप्पी मासे हायेत ते, अळ्या खातेत. साऱ्या गावात टाकून राह्यलो आम्ही."

हौदाच्या कडेला हळदकुंकू तसंच होतं. रक्षाने ते पाहिलं आणि बिचारी पुढच्या घरचं पाणी बघायला निघाली. पिशवीत भरून आणलेले मासे, पुंडलिक. तुझा बगळाही गेला आणि माझा अवतारही गेला. साठी उलटलेली दोन शहाणी माणसं महिनाभर भांडली, आणि कुणी टाकले का, एवढं गावात विचारलं नाही. आधी वाटलं, तुला कळवूच नये.

इथेच पत्र संपवणार होते. पण काल सकाळी हौदावर गेले. त्या माशांना पिल्लं झालीत, जिऱ्याएवढी. दोन मरून वर आली होती. मी ती ओंजळीने काढत होते, तर किसनराव कुंपणापलीकडून म्हणाले, "जाऊ द्या बाई. देवाले आवडले, नेले त्यानं."

मला इतका राग आला की बाजूचा मग उचलून आपटला. म्हटलं, "तुमाले कोणी इचारलं?" ते गुपचूप घरात गेले. मी हौदाच्या कडेवर बसून राहिले. ते वाक्य माझंच होतं.

एकतीस वर्षांपूर्वी वर्ध्याच्या दवाखान्यात मी तुला आणि गुलाबला हेच म्हटलं होतं. तुमची नऊ दिवसांची पोर गेली होती. गुलाबने तोंड भिंतीकडे फिरवलं. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी आणलेला जेवणाचा डबा उचलून बाहेर ठेवून आलास. तेव्हापासून तू माझ्याशी देवावरून भांडतो आहेस. 'अन् नेते कोण' हे तू कुणाबद्दल विचारलंस, ते मला जूनमध्येच कळलं होतं. त्याआधीही कळत होतं. तुला वादात गुंतवलं की ते बोलावं लागत नाही, म्हणून मीही भांडत राहिले.

मला दुसरं काही सुचलं नव्हतं रे. देवावर विश्वास होता म्हणून नाही, भीती वाटली म्हणून बोलले. चुकलं माझं. हे पत्र गुलाबला वाचायला दे.

पुढे स्वप्निलच्या बारशाला नाव ठेवायला तू गुलाबच्या बहिणीला पुढे केलंस. मी जेवले आणि परत आले. रुसायला मला तोंड नव्हतं.

त्या पोरीचं नाव मी ठरवून ठेवलं होतं. टोपडंही शिवलं होतं. बाराव्या दिवशी आत्याने नाव कानात सांगायचं, बायकांचे धपाटे पाठीवर खायचे, तोवर कुणाजवळ बोलायचं नाही. म्हणून बोलले नाही. दवाखान्याच्या कागदावर 'गुलाब यांचे बाळ' एवढंच राहिलं.

जीव कुठून येतो याचं तुझं उत्तर तू ठेव, माझं मी ठेवते. हौदाला शेवाळ धरलंय. पिल्लं बाजूला काढून तो घासायला हवा, आणि माझे गुडघे आता वाकत नाहीत. गुलाबला घेऊन ये. भांडायचं असलं तरी ये, पण या वेळी जेवून जा.

तुझी ताई,
आणि मंजुषाची आत्या,
कोकिळा