माय का सासू?

१२ नोव्हेंबर, जवाहरनगर

पुढच्या महिन्यात रिटायर होणार, म्हणून आज पेन्शनरच्या मेडिकल कार्डाचं काम करायले गेली. हे सोबत होते. बाबूनं मलेच विचारलं, "मॅडम, कार्डावर आई टाकू का सासूबाई? एकीचंच नाव चालते."

मी तोंड उघडायच्या आधीच हे बोलले, "सासूच टाका. त्यात विचारायचं काय?"

बाबू माह्याकडेच पाहून राहिला होता. मी मान हलवली. काहून हलवली?

नोकरी माही. जन्मभर सकाळची सरकारी फॅक्टरीची बस मी पकडली. सासूबाईंले यांच्यासकट तीन पोरं आहेत. आसगावात माय एकटीच, मले भाऊ नाही. चार पावलं चालली का तिले दम लागते. आणि मी मान हलवून आली.

आता मायले फोन करून सांगितलं. म्हणाली, "बरं केलं बाई. पोरीच्या कमाईवर दवाखाना करू का मी?" मग थांबून, हळूच, "पण सरकारनं विचारलं होतं ना, माय का सासू म्हणून?"

"हो."

"मंग झालं."

सरकारनं विचारलं. यांनी नाही.