दोन्हीकडे एकाच दिवशी

दि. ९ ऑक्टोबर

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर राहून ताईने पत्र पाठवावं! हसशील तर हस. बाबांच्या मासे पाळायच्या पिंजऱ्यांची वाटणी झाल्यापासून आपण दोघांनी तोंडं शिवून घेतली आहेत, मग दुसरं काय करू?

इकडे ठीक आहे. तुझ्या दाजींचा खोकला तसाच, डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येतात. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी दुरुस्त केली, आता ती उघडतच नाही. तुझी छोटी पलीकडून मला अजून हात हलवते. आपलं भांडण आहे हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. सांगूही नकोस.

तुझ्या माशांना उवा लागल्यात. नाही म्हणू नकोस, जाळ्याला अंग घासताना ते मला इथून दिसतात. चिमट्याने एक ऊ काढून बघ. तिच्या मागे अंड्यांच्या दोन दोऱ्या लोंबत असतील तर औषधाला उशीर करू नकोस. तुला शिकवायला नको, माहीत आहे. तरी शिकवते, मी मोठी आहे.

बाबा काय करायचे? सगळ्या पिंजऱ्यांना एकाच दिवशी भोवतीने ताडपत्री लावून आतल्या पाण्यात औषध. एक जरी राहिला तरी त्यातली उवांची पिल्लं प्रवाहाबरोबर शेजारी जातात आणि सगळी मेहनत वाया. या वेळी तू निरोप पाठवशील म्हणून मी वाट बघत बसले. मग म्हटलं, गेला खड्ड्यात, आणि एकटीनेच औषध घातलं. महिना झाला नाही तोच उवा परत. माशांच्या डोक्यावरची कातडी खाऊन खाली पांढरं हाड दिसायला लागलं. बघवत नव्हतं रे.

दाजी म्हणाले, "जा, धाकट्याशी बोल." मी म्हटलं, "मेले तरी बोलणार नाही."

परवा पुन्हा औषध घातलं. पाणी तापलेलं, मासे आधीच अर्धमेले. थोड्या वेळाने त्यांची तडफड थांबली. मला वेडीला वाटलं, बरं वाटतंय त्यांना. ताडपत्री काढली तर सगळे पोटं वर करून तरंगत होते. सगळे, धाकट्या. दिवसभर आम्ही दोघं ते उपसत होतो. दाजी रडले. मला रडूसुद्धा आलं नाही.

तू तुझ्या पिंजऱ्यांच्या फळीवर उभा होतास. होडी सोडायला वाकलास आणि पुन्हा सरळ झालास, पाहिलं मी. मी एक हाक मारली असती तर आला असतास. नाही मारली. कशावरून भांडलो आपण? वाटणीतल्या त्या एका होडीवरून ना?

रविवारी आम्ही दाजींच्या बहिणीकडे जातोय, कायमचे. रिकाम्या जाळ्यांसमोर मला जगता येणार नाही. निरोप द्यायला येऊ नकोस, तुझं तोंड बघितलं तर माझा पाय निघायचा नाही.

तू मात्र उद्याच औषध घाल, सकाळी, पाणी गार असताना. माझ्यासाठी थांबू नकोस. उवांना चिकटायला माझ्याकडे आता एकही मासा उरलेला नाही, तेव्हा माझ्या बाजूने तुझ्याकडे काही येणार नाही.

एवढं एक मोठ्या बहिणीचं ऐक.

तुझी,
ताई