आ-ह्वासमोर केलेली सही

कीलुंग, १२ मार्च

चि. शू-यिंग हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन महिने पत्र नाही, माफ कर. लिहायला बसवत नव्हतं. वयाने नव्हे, भीतीने.

आपल्या गल्लीतल्या पाववाल्याची आ-ह्वा विसाव्या वर्षी डोकं भादरून घेऊन निघून गेली, आठवतं? आता ती भिक्खुणी युआन-जिंग. तिच्या संघाची तीन इस्पितळं आहेत आणि तुझी वहिनी दर रविवारी त्यांच्या देणगीसाठी विकायला रिकाम्या बाटल्या वेचते. जेवण आहे म्हणून मीही मठात गेलो, तर डुकराच्या मटणाच्या नावाखाली सोयाबीन. वर आ-ह्वाने मला ओळखलं आणि चारचौघांत विचारलं, की हा थ्येन-सुंग अजून भित्राच आहे का. त्या रागात समोर आलेल्या कागदावर मी सही ठोकली. घरी वहिनीने वाचून दाखवलं: मेल्यावर माझा देह डॉक्टरकीच्या मुलांना चिरायला.

म्हणजे कबर नाही. कबरी झाडायच्या सणाला तुम्ही झाडणार काय, कॉलेजची पायरी? कागदावर दोन नातलगांच्या सह्या लागतात. वहिनीने केली, जरा घाईनेच. दुसरी तुझी. करू नकोस.

तुझ्यावरच भिस्त असलेला,
दादा

ताइनान, १९ मार्च

ती. दादास शू-यिंगचा सा. न.

वहिनीने धाडलेला कागद पोचला. आधी पोटभर हसले.

आमच्या ह्यांनीही देह दिला होता. तेव्हा तू सर्दीचं निमित्त करून आला नाहीस. चिरण्याआधी चार मुलं माझ्या घरी आली. संघाची तशी रीत आहे. हे कसे होते ते विचारत तीन तास बसली. मी खरं ते सांगितलं: घोरायचे, पत्त्यांत फसवायचे, भाताची खरपुडी माझ्या हातून ओढून खायचे. मुलांनी सगळं लिहून घेतलं आणि जाताना ह्यांच्या फोटोसमोर गुरुजी म्हणून वाकली. एवढा मान ह्यांना घरात कोणी दिला नव्हता, मीसुद्धा.

कबर नाही हे खरं. सणाला जायला जागा नसते, ते बोचतं. त्या दिवशी ती चार मुलं फोन करतात.

तू सांगशील तसं करीन. पेन उघडून बसले आहे. धाकटीवर माया आहे तशी राहू दे.

शू-यिंग

कीलुंग, २७ मार्च

चि. शू-यिंग, आशीर्वाद.

मुलं तीन तास बसतात हे नक्की ना? वहिनीने माझं बोलणं तीन मिनिटांवर कधी ऐकलेलं नाही.

सही कर. फक्त मुलांना एक सांगू नकोस. आ-ह्वाच्या बापाचे तिळाचे पाव रोज मीच पळवायचो आणि मार तिने खाल्ला. किंवा सांगच. नको, मी मेल्यावर तिला मुलांकडून कळणं बरं नाही. आधी मीच मठात जाऊन सांगतो.

एकट्याने जायची भीती वाटते. कोणत्या गाडीने येतेस ते लगेच लिही.

वाट पाहणारा,
दादा